बोटभर फट

वरून सुरुवात, ऑर्विल म्हणाला,
शेवटी रचलं ते आधी काढायचं.
एवढं बोलून तो परातीवर चढला.
मी खाली. बादली, दोर, कप्पी,
नाकावर फडकं.

पाकोळ्या दक्षिणेला गेल्याशिवाय
धुराड्याला हात लावायचा नाही, असा इथे कायदा आहे.
म्हणून ऑक्टोबर उजाडला.
लुनेनबर्गच्या पलीकडचा हा किनारा
तोवर थंडीने आखडायला लागलेला.

धुराडं घराला सोडून चाललं होतं.
दर हिवाळी जमीन गोठायची, फुगायची,
आणि त्याचा पाया सूतभर बाहेर ढकलायची.
सूत सूत करत फट बोटभर झाली.
सासऱ्यांनी तिच्यात काय काय कोंबलं:
डांबर, बोटीच्या फळ्यांतून उरलेला ताग,
हेरिंगच्या भावांचा एक अख्खा आठवडा.
तरी वारा यायचाच.
त्या बाजूला मेणबत्ती ठेवायची नाही, हा घरचा नियम.

विम्याच्या माणसाने ओळंबासुद्धा लावला नाही.
रस्त्यावरूनच फोटो काढला
आणि लिहिलं: काढून टाका.

हातोडी फारशी लागलीच नाही.
चुना इतका भुसभुशीत की वीट
नुसती हलवली तरी हातात येई,
दुधाचा दात जिभेने सुटावा तशी.
मी मोजत होतो. तीनशे बारापर्यंत मोजल्या.
मग एकीवर कुत्र्याचा पंजा निघाला,
कुठल्याशा भट्टीवर ओल्या विटांवरून
उंडारत गेलेला कुणी कुत्रा,
आणि आकडा चुकला.

लिओटा चहा आणून ठेवायची आणि लगेच आत.
तिला हे नको होतं. धुराडं हवं होतं, असंही नाही.
बाबांच्या हातचं आहे ते,
एवढं एकदाच म्हणाली होती,
विम्याचं पत्र फ्रिजवर लावताना.

दुपारी ऑर्विल वरच्या मजल्याखाली उतरला
आणि थांबला. म्हणाला, वर ये.
मला उंचीची भीती. तरी गेलो.

विटांमागे भिंत पिवळी होती.
सगळं घर पांढरं, लिओटाला कळतंय तेव्हापासून पांढरं,
आणि इथे धुराड्याच्या रुंदीचा पट्टा
लोण्यासारखा पिवळा, साठ वर्षं ऊन न लागलेला.
त्या पिवळ्यात एक चौकट.
फळ्या ठोकून बुजवलेली खिडकी.
स्वयंपाकघराची. बंदराच्या बाजूची.

लिओटा खाली येऊन उभी राहिली.
कप हातात. चहा निवला असावा.
आई भांडी घासताना, ती म्हणाली,
मान वर करून भिंतीकडे बघायची.
मी विचारायचे, काय बघतेस?
म्हणायची, बोट आली का बघते.
आम्ही हसायचो. तीही हसायची.

दुसरी जागाच नसेल, ऑर्विल वरून म्हणाला,
चूल जिथे, धुराडं तिथे.
होती, लिओटा म्हणाली. जिन्याच्या अंगाला होती.
पुढे कुणी बोललं नाही.
एक वीट कप्पीवर लोंबकळत राहिली,
मी दोर सोडायचं विसरलो होतो.

गुरुवारी पावसाचा अंदाज, म्हणून खिडकी उघडली नाही.
ताडपत्री ठोकली. पाया तसाच जमिनीत,
तो काढायचे पैसे वेगळे.
विटांची थप्पी कुंपणाशी. पंजाची वीट
ऑर्विलने मागितली, मी देऊन टाकली,
नंतर वाटलं, लिओटाला विचारायला हवं होतं.

रात्री ताडपत्री फडफडत होती.
लिओटाने सिंकवरचा दिवा लावला नाही.
भिंतीकडे बघत भांडी घासत राहिली.
मी पुसायला उभा राहिलो,
पण काजळी माझ्या नखांतून निघेना.
प्रत्येक बशीवर माझा अंगठा उमटायचा
आणि ती न बोलता
बशी परत पाण्यात घालायची.